सूर वाकत नाही तिथे

कामरगाव काय किंवा वऱ्हाडातलं दुसरं कुठलं गाव काय, भजन सुरू होण्याआधीचे काही क्षण पेटीवाल्याचे असतात. टाळकरी थांबलेले, तबला लागलेला. तो षड्ज धरतो, दोन-चार सुरांत फिरतो, गाणाऱ्याला पट्टी देतो. या वेळात मात्रा कुणी मोजत नाही. तरी जरा लांबलं की मंडळी चुळबुळ करतात. म्हणजे मात्रा नसल्या तरी हिशेब असतोच. तो कशाचा?

चारशे वर्षांपूर्वी रोममधल्या एका वादकाने या हिशेबाविषयी लिहून ठेवलं आहे. जिरोलामो फ्रेस्कोबाल्दी 1583 साली फेरारात जन्मला आणि 1608 मध्ये सेंट पीटर्सचा ऑर्गनवादक झाला. त्याच्या तोकातांचं, म्हणजे पट्ट्यांच्या वाद्यांसाठीच्या मुक्त रचनांचं, पहिलं पुस्तक 1615 साली तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापलं गेलं. रेंगाळणारे स्वरसमूह, अचानक सुटणाऱ्या ताना, मध्येच दोन्ही हातांचे सवाल-जवाब असा या रचनांचा थाट. सूर सगळे कागदावर आहेत. तरी प्रस्तावनेत तो बजावतो की ठोका एकसारखा धरू नये. भाव पालटेल तशी लय संथ करावी, चढवावी, प्रसंगी हात अधांतरी ठेवावा. आरंभ सावकाश करावा. तानेच्या शेवटच्या सुरावर थोडं थांबावं, म्हणजे पुढची तान तिच्यात मिसळत नाही. आणि रचना पुरी वाजवलीच पाहिजे असं नाही. एखादा खंड संपला की तिथेच थांबलं तरी चालेल.

ही शेवटची सवलत चर्चमध्ये सोयीचीच होती. 1627 च्या दुसऱ्या पुस्तकात, उपासनेत पवित्र भाकर उंचावली जाते तेव्हा वाजवायच्या तोकाताही आहेत. विधी आटोपला की वादकाला आवरतं घ्यावंच लागणार. स्वातंत्र्य होतं ते प्रसंगाचं भान असणाऱ्याला.

पण लयीवर एवढा भर का? मला कारण वाद्यात दिसतं. या तोकाता ज्यावर वाजत त्या हार्प्सिकॉर्डची तार नखीने छेडली जाते. पट्टी जोरात दाबा की हळू, आवाजात फारसा फरक पडत नाही, आणि सूर लगेच विरू लागतो. वाद्य रिकामं पडू नये म्हणून स्वर पुन्हा छेडावेत, असंही फ्रेस्कोबाल्दी सुचवतो. सूर वाकवता येत नाही, फुगवता येत नाही. वादकाच्या हाती उरतो तो वेळ. मग तो वेळच वाकवतो.

आपल्या पेटीवरचा जुना आरोप इथे आठवतो. तिच्यातून मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, निघत नाही, बारीक श्रुती पकडता येत नाहीत. आकाशवाणीने 1940 साली तिच्यावर बंदी घातली, ती 1971 पर्यंत टिकली. आरोप खोटा नव्हता, पण तो फक्त सुरांच्या उंचीचा विचार करत होता. पेटीला भाता आहे, त्यामुळे आवाज कमी-जास्त करता येतो. तरी तिचं खरं बोलणं सूर कधी सोडला, पुढचा कधी लावला, यात असतं. गोविंदराव टेंबे यांची पेटी बंदीच्या कितीतरी आधी साथीतून स्वतंत्र वादनापर्यंत पोचली होती. त्याच बारा सुरांच्या पट्ट्यांवर.

म्हणून पेटीला खरा धोका मींडीच्या अभावाचा नाही. आज इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर बटण दाबलं की तयार ठेका सुरू होतो आणि शिकणारं मूल पहिल्या दिवसापासून त्याच्या मागे धावतं. ताल हवाच, पण किती थांबायचं हे ठरवण्याची जबाबदारी यंत्राकडे गेली, तर त्या मुलाच्या हाती राहिलेली सगळ्यात मोलाची गोष्टही जाते. शिकवणाऱ्याने ते बटण अधूनमधून बंद करायला हवं.