तिसऱ्या आठवड्यातला निरोप

गाय माजावर आली, रेतन झालं, की मग वाट पाहणं. एकविसाव्या दिवशी ती पुन्हा हंबरली, सोट टाकताना दिसली तर 'उलटली' म्हणायचं. शांत राहिली तर मनातल्या मनात आशा धरायची. गोंदियाच्या विमानतळालगत, बिरसीच्या धानपट्ट्यातल्या गोठ्यांतही ही वाट अशीच पाहिली जाते. आपल्या लेखी या तीन आठवड्यांत काहीच घडत नसतं. गाईच्या पोटात मात्र याच दिवसांत सगळं ठरतं.

रेतनानंतर आठवड्याभराने भ्रूण म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढा गोळा. दोन आठवड्यांच्या सुमाराला तो झपाट्याने लांबू लागतो आणि अठराव्या-एकोणिसाव्या दिवसापर्यंत सुताच्या धाग्यासारखा वीतभर होतो. अजून तो गर्भाशयाला नीट चिकटलेलाही नसतो. नाळ नाही, रक्ताची देवाणघेवाण नाही. तरी सोळाव्या-सतराव्या दिवसापर्यंत आपण असल्याचं त्याने आईला कळवावंच लागतं. नाही कळवलं, तर गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन सोडतं, अंडाशयावरचा पीतपिंड विरतो, त्यातून येणारं, गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन आटतं आणि गाय उलटते.

तो निरोप म्हणजे इंटरफेरॉन-टाऊ हे प्रथिन. 1987 साली त्याची ओळख पटली तेव्हा शास्त्रज्ञही थक्क झाले. कारण 1957 पासून इंटरफेरॉन माहीत होतं ते विषाणू शिरल्यावर पेशी देतात ती हाक म्हणून. तीच हाक इथे वासराचा अंकुर देतो. गर्भाशय ती ऐकतं आणि प्रोस्टाग्लँडिनचे झटके थांबवतं. विसाव्या दिवसाच्या आसपास गाईच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींतही विषाणूविरोधी जनुकं जागी झालेली सापडतात. म्हणजे बातमी अंगभर पोचलेली असते, मालकाला सोडून.

भ्रूणाचा अर्धा वारसा बापाचा. आणि कृत्रिम रेतनात तो वळू गाईने कधी पाहिलेलाही नसतो. आईचं शरीर असा परका अंश कसा सांभाळतं, हा प्रश्न शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी 1953 साली मांडला होता. गाईपुरतं पाहिलं तर मला मोलाचं वाटतं ते हे, की तिची प्रतिकारशक्ती झोपी जात नाही. गोठ्यातल्या जंतूंशी तिला झुंजायचंच असतं. ती जागी राहून ऐकते, आणि या एका पाहुण्यापुरता आपला पवित्रा बदलते.

हा संवाद फार नाजूक आहे. गाईंमध्ये गर्भ वाया जातात ते बहुतेक याच तीन आठवड्यांत. कधी भ्रूणच अशक्त असतो, कधी पोटाला पुरेसं मिळत नाही, कधी उन्हाची तलखी त्याला पहिल्या काही दिवसांतच मारते. गोंदियाचा मे महिना ज्याने सोसलाय त्याला ते वेगळं सांगायला नको. आणि आपण काय करतो? दोनदा उलटली की गाईलाच बोल लावतो, बाजार दाखवतो.

तेव्हा रेतन झालं त्या दिवसापासूनच तिला गाभण समजा. सावलीत बांधा, पाणी कायम समोर ठेवा, नुसत्या तणसावर ठेवू नका, लांब चालवू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कसलंही इंजेक्शन देऊ नका. अठराव्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ माजावर नजर ठेवा, आणि पुन्हा पुन्हा उलटत असेल तर विकण्याआधी एकदा तपासून घ्या.