चाकाची खुर्ची आणि शाळेची पायरी

हल्ली चाकाच्या खुर्चीवरचे खेळाडू शाळेत बोलावतात, मुलांना त्यांचे चार शब्द ऐकवतात. फार चांगले. पण मुलांनी त्यातून घ्यायचे काय? पदक तर शेवटी येते.

आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर पाहा. फौजेतले जवान, मुष्टियुद्ध खेळणारे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचे अंग लुळे पडले. उपचार म्हणून पोहणे आले. आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. भारताचे त्या स्पर्धांतले ते पहिले सुवर्ण! वेळ ३७.३३ सेकंद. आम्हांला मात्र ते सदतीस सेकंद मोठे वाटत नाहीत, मधली सात वर्षे मोठी वाटतात. तिथे टाळ्या नव्हत्या, नेम होता. माळकऱ्याला नेम काय ते सांगायला नको. पद्मश्री आली ती २०१८ साली, म्हणजे शेहेचाळीस वर्षांनी!

मुलांना हे सांगा. आणि 'बिचारा' हा शब्द तोंडी नको. ज्याच्या अंतरी पांडुरंग, त्याला बिचारा म्हणणारे आपण कोण?

आणखी एक. पाहुण्याला बोलावण्याआधी शाळेची पायरी पाहा. चौघांनी खुर्ची उचलून आत न्यायची आणि मग स्वावलंबनाचे भाषण ऐकायचे, हे बरे दिसत नाही. गावात एखादे पोर पाय चालत नाहीत म्हणून घरीच बसलेले असते. दाराशी उतार बांधला, तर पाहुणे परत गेल्यावरही तो त्या पोराच्या कामी येईल. आमच्या मंदिरांच्या पायऱ्यांचेही तेच आहे, माउली.