हाताखालची वीट

आमच्या घरी व्यायाम हा मोजण्याचा विषय होता. औंधच्या पंतप्रतिनिधींनी ज्या सूर्यनमस्कारांचा ध्यास घेऊन प्रसार केला, ते आजोबा नित्यनेमाने घालीत आणि आम्हा नातवंडांना रोज विचारीत, "आज किती झाले?" कसे झाले, हे त्यांनी कधी विचारले नाही. शासकीय नोकरीतही पुढे मला हाच प्रश्न भेटत राहिला.

निवृत्तीनंतर बडा गणपतीमागील गल्लीतल्या एका योगवर्गाला जाऊ लागलो. बाई माझ्या मुलीच्या वयाच्या, पुण्याला अय्यंगार पद्धतीचे शिक्षण घेऊन आलेल्या. पहिल्याच आठवड्यात त्रिकोणासन होते. पायांत सुमारे साडेतीन फुटांचे अंतर घ्यायचे, उजवे पाऊल बाहेर वळवायचे आणि गुडघे न वाकवता त्या पावलाशेजारी तळहात टेकायचा. मी तो टेकला आणि कौतुकाची वाट पाहत राहिलो. बाई म्हणाल्या, "काका, हात पोहोचला, पण बाकीचे तुम्ही मागेच राहिलात." खरेच होते. गुडघा वाकला होता, छाती जमिनीकडे वळली होती, कंबर मागे गेली होती. त्यांनी हाताखाली लाकडी वीट उभी ठेवली. गुडघा सरळ झाला, छाती उघडली, आणि मला मनस्वी अपमान वाटला.

त्या अपमानाचे मूळ शोधताना एक जुनी फाईल आठवली. एका तहसिलीत ठरलेल्या संख्येइतके हातपंप बसल्याच्या अहवालावर मी स्वाक्षरी केली होती. संख्या खरी होती. त्यांतल्या काहींना पाणी नव्हते, हे मला ठाऊक होते. पण पाण्याचा रकाना त्या नमुन्यात नव्हता. जमिनीला टेकलेला माझा हात त्याच जातीचा होता.

मात्र येथे एक शंका उरते, आणि ती मी सहज सोडू शकलो नाही. हात जमिनीपर्यंत जात नाही म्हणून जमीनच वर आणायची, हीही सोयीची तडजोड नव्हे काय? उद्दिष्ट गाठता येत नाही म्हणून उद्दिष्ट खाली आणणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले आहेत.

बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यास आले, तेव्हा अठरा वर्षांचे होते. बालपण मलेरिया, विषमज्वर, क्षय अशा दुखण्यांत गेलेले. विटा, पट्टे, दोर, लोड, घडीच्या खुर्च्या ही साधने त्यांनी स्वतःच्या शरीरावर आणि पुढे रुग्णांबरोबर काम करीत घडविली. १९७५ साली पुण्यात उघडलेल्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेतून ती जगभर गेली. साठीत झालेल्या स्कूटर अपघातानंतर या श्रेष्ठ योग्याला स्वतःची आसने पुन्हा आरंभापासून मिळवावी लागली. (त्यांचा शिकविताना चालणारा कठोर हात मात्र मला पटत नाही. चूक दाखविण्यासाठी चापट आवश्यक असते, असे मला कुणी अद्याप पटवून दिलेले नाही.) पतंजलींनी आसनाकडून स्थैर्य आणि सुख यांची अपेक्षा केली आहे, जमिनीला हात लावण्याची नव्हे. म्हणजे वीट उद्दिष्ट खाली आणीत नाही; मी ज्याला उद्दिष्ट समजत होतो, ते ते नव्हतेच.

शिवाय वीट सर्वांसमोर असते. मी किती उणा आहे, हे शेजारच्या चटईवरील मुलालाही इंचांत दिसते. माझ्या अहवालात ती उणीव झाकलेली होती. येथे ती हाताखाली उभी आहे. आधार घेणे आणि आधार लपविणे यांतले अंतर मला नोकरीत कळले नाही, याची खंत वाटते. त्या गावच्या बायका तेव्हा पाण्यासाठी जुन्याच विहिरीवर जात असणार.

बाईंनी परवा वीट आडवी केली. उंची निम्म्याने उतरली. हात पोहोचला, वर्गातील कुणी शाबासही म्हणाले. गुडघ्यामागे ओढ बसली आणि तो किंचित सैल झाला. तो कुणाला दिसला नसावा. मी उठलो आणि वीट पुन्हा उभी केली.