कान आधी, जीभ मागून

‘माझा’ आणि ‘माझी’ हे दोन शब्द एकदा मोठ्याने म्हणून पाहा. लिहिताना दोन्हींत झ एकच. पण ‘माझा’ म्हणताना जिभेचं टोक दातांच्या मागे टेकतं आणि ‘माझी’ म्हणताना जीभ पसरून टाळूला लागते. ‘चिंच’ या एवढ्याशा शब्दात तर दोन्ही च आहेत, पहिला तालव्य आणि दुसरा दंततालव्य. पाण्याचा जग आणि आपण राहतो ते जग, यांतले ज निराळे. हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, लिपीतही त्याची खूण नाही. तरी नव्याने मराठी बोलू लागलेला हिंदी भाषक ‘माझा’तला झ ‘माझी’सारखा उच्चारतो तेव्हा ते आपल्याला लगेच खटकतं. त्याला मात्र खटकत नाही. आपण दोनदा म्हणून दाखवलं, तर तो म्हणतो, “मी तेच तर म्हणतोय.” त्याच्या कानापुरतं ते खरंही असतं.

इंग्रजी शिकताना आपण नेमके त्याच्या जागी असतो.

इंग्रजीत द्राक्षाच्या वेलीला एक शब्द आहे, तो ‘व्ही’ अक्षराने सुरू होतो. द्राक्षाच्या मद्याचा शब्द ‘डब्ल्यू’ने सुरू होतो. बाकी दोन्हींचा उच्चार अगदी सारखा, फरक फक्त पहिल्या व्यंजनात. वेलीच्या शब्दात वरचे दात खालच्या ओठावर टेकतात आणि मधून हवा घासत जाते. मद्याच्या शब्दात दातांचं काहीच काम नाही, ओठांचा चंबू होतो आणि लगेच सुटतो. आपला मराठी व या दोहोंच्या मधला आहे. दात ओठाजवळ येतात, पण घासत नाहीत, आणि ओठ पुरते गोलही होत नाहीत. त्यामुळे आपण एक शब्द म्हणतो आणि इंग्रजी ऐकणाऱ्याला कधी कधी दुसराच ऐकू येतो. आपल्याला वाटतं, दोन्ही बरोबर म्हटले.

लिहिताना आपण यावर ‘व्ह’चा उपाय काढला. पण ‘व्हॅन’मध्ये तोच व्ह आणि ‘व्हॉट्सॲप’मध्येही तोच, आणि मूळ इंग्रजीत पहिल्याला व्ही, दुसऱ्याला डब्ल्यू. इंग्रजी पुस्तकात शब्दाखाली पेन्सिलने देवनागरीत उच्चार लिहून घ्यायची सवय आपल्या घराघरात आहे. मला ती घातक वाटते. जे देवनागरीत लिहिलं, ते मूल देवनागरीतच ऐकतं. समोर ध्वनी वेगळा असला तरी कान अक्षराचं ऐकतो.

कान असा का वागतो, याचा शोध घेणारा जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे, 1984 सालचा. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या मुलांना त्यांनी हिंदीतले त आणि ट ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना दोन्हींतला फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या फारच थोड्या बाळांना कळला. भोवतालच्या बोलण्यात जो फरक कधी कामाला येत नाही, तो कान वर्षाच्या आत सोडून देतो. प्रत्येक भाषेची ध्वनींची आपली एक चाळणी असते आणि परकी भाषा आपण त्या चाळणीतूनच ऐकतो, असं निकोलाय त्रुबेत्स्कोय यांच्या 1939 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात म्हटलं आहे. त्यांच्या हाताशी असे प्रयोग नव्हते, तरी निरीक्षण किती नेमकं!

या प्रयोगातला त आणि ट आपल्यासाठी फार मोलाचा आहे. इंग्रजीत ‘मग’ या अर्थाचा ‘देन’ आणि ‘गुहा’ या अर्थाचा ‘डेन’ असे दोन शब्द आहेत. पहिल्यातला ध्वनी काढताना इंग्रज जीभ दातांशी हलकी धरून हवा घासत सोडतो. आपण तिथे सरळ द म्हणतो, दुसऱ्यात ड म्हणतो, आणि दोन्ही शब्द आपल्या परीने अगदी स्वच्छ वेगळे ठेवतो. पण द आणि ड यांतला फरक त आणि ट यांच्यासारखाच, एक दंत्य आणि एक मूर्धन्य. ज्याची मातृभाषा इंग्रजी, त्याच्या कानाने तो फरक पहिल्या वाढदिवसाच्या आतच सोडून दिलेला असतो. आपण जी खूण देतो ती त्याला दिसत नाही, तो जी खूण शोधतो ती आपण देत नाही. यात कुणीही अडाणी नाही आणि कुणाची जीभ जड नाही.

प या अक्षराची गोष्ट मला जास्त लागते, कारण तिथे आपलं नुकसान विनाकारण होतं. ली लिस्कर आणि आर्थर अब्रामसन यांनी 1964 साली 11 भाषांतल्या अशा व्यंजनांची मापं प्रसिद्ध केली. बंद ओठ उघडणं आणि कंठातला नाद सुरू होणं, यांतलं अंतर त्यांनी मोजलं. त्या 11 भाषांत मराठी होती. आपल्याकडे या जागी चार ध्वनी आहेत: प, फ, ब, भ. इंग्रजीत दोनच. आणि शब्दाच्या सुरुवातीचा इंग्रजी ‘पी’ हवेचा झोत घेऊन येतो, म्हणजे तो आपल्या जुन्या, दोन्ही ओठ मिटून म्हटलेल्या फ च्या जवळचा. सुरुवातीचा इंग्रजी ‘बी’ तर पुष्कळदा आपल्या प च्या आसपास असतो. म्हणून आपण टाचणी या अर्थाने ‘पिन’ म्हणतो आणि समोरच्याला केराच्या डब्याचा ‘बिन’ ऐकू येतो. तळहात ओठांसमोर धरून आधी ‘पळ’ म्हणा, मग ओठ मिटून ‘फळ’ म्हणा. दुसऱ्या वेळी हाताला जी हवा लागते, ती इंग्रजी ‘पिन’ला हवी. ‘टी’ आणि ‘के’ यांचंही तसंच. ही हवा मराठी मूल बोलायला लागल्यापासून सहज सोडतं. पण पी म्हणजे प असं एकदा डोक्यात बसलं, की ते ती आवरून धरतं. जे अंगात आहे तेच वापरायचं नाही, असं आपण त्याला नकळत शिकवतो.

‘एस’ आणि ‘झेड’ यांची जोडीही अशीच फसवी. किंमत या अर्थाचा ‘प्राइस’ आणि बक्षीस या अर्थाचा ‘प्राइझ’ घ्या. आपला झ सुरू होताना जीभ टेकते. इंग्रजी झेडमध्ये ती टेकतच नाही, म्हणून झेड श्वास पुरेल तोवर लांबवता येतो. शिवाय शब्दाच्या शेवटी इंग्रजी कान त्या व्यंजनापेक्षा आधीच्या स्वराकडे जास्त लक्ष देतो. बक्षिसातला ‘आइ’ लांब, किमतीतला आखूड. हे कळलं की निम्मं काम झालं.

आता प्रश्न असा, की एवढा खटाटोप कशासाठी? इंग्रजांसारखं दिसण्यासाठी नव्हे. मराठी माणसाचं इंग्रजी मराठी वळणाचं असावं, त्यात कमीपणा काहीच नाही. पण सांगितलेला शब्द ऐकणाऱ्यापर्यंत तोच पोचला पाहिजे. जेनिफर जेन्किन्स यांनी 2000 साली याच दृष्टीने मांडणी केली. वेगवेगळ्या मातृभाषांची माणसं आपसांत इंग्रजी बोलतात तेव्हा काय बिघडलं की अर्थ बिघडतो, हे त्यांनी पाहिलं. ‘टी-एच’चे ध्वनी त्यांनी अत्यावश्यक मानले नाहीत. सुरुवातीच्या पी, टी, के यांमधली हवा आणि स्वरांची लांबी मात्र मानली. आपल्या वर्गांत बहुधा उलटं घडतं. दातांत जीभ धरायला लावून टी-एच घोटून घेतला जातो आणि पी-बीकडे कुणी पाहतही नाही.

मोठेपणीही कान पुन्हा तयार होतो. जपानी भाषकांना इंग्रजी ‘आर’ आणि ‘एल’ वेगळे ऐकू येत नाहीत. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जपानी प्रौढांना अशा शब्दांच्या जोड्या अनेक लोकांच्या आवाजांत ऐकवल्या, कोणता शब्द ते निवडायला लावलं आणि चूक की बरोबर हे तिथल्या तिथे सांगितलं. त्यांची ओळख सुधारली. 1997 साली याच पद्धतीचं पुढचं संशोधन प्रसिद्ध झालं, त्यात आणखी एक गोष्ट दिसली. बोलण्याचा सराव दिलाच नव्हता, केवळ ऐकण्याचा दिला होता, तरी त्यांचे उच्चारही सुधारले. मी या निष्कर्षाला फार महत्त्व देतो. ऐकण्याआधीच म्हणायला लावणं म्हणजे रंग न दाखवता चित्र रंगवायला सांगणं.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. मराठी शाळेतल्या शिक्षकांना आणि घरातल्या आई-बाबांना माझं सांगणं एवढंच आहे. मोबाइलवरच्या शब्दकोशांत शब्दाशेजारी कर्ण्याचं चिन्ह असतं, ते दाबलं की उच्चार ऐकू येतो. रोज एकच जोडी घ्या. पुस्तक मिटून ठेवा, स्पेलिंग दाखवू नका. पाठोपाठ दोन उच्चार ऐकवा, कधी तोच शब्द दोनदा, कधी निराळे दोन. मुलाने फक्त सांगायचं: सारखे की वेगळे. पहिले काही दिवस ते अंदाजानेच सांगेल. मग एखाद्या दिवशी ते मान तिरकी करून थांबतं, पुन्हा लावायला सांगतं, आणि खात्रीने म्हणतं, “वेगळे.” त्यानंतरच त्याला म्हणायला लावा, व्ही-डब्ल्यूसाठी आरसा द्या, पी-बीसाठी तळहात. वेगवेगळे आवाज ऐकवा, बाईचे, पुरुषाचे, वेगवेगळ्या देशांतल्या माणसांचे. आणि ते चुकलं तर त्याची नक्कल करून वर्गाला हसवू नका, तोच शब्द त्याला पुन्हा ऐकवा.