पाळणा आणि प्रतिज्ञापत्र

'जालना सोने का पालना' ही म्हण आमच्या गावी आबालवृद्धांच्या तोंडी आहे. ती पेठेच्या भरभराटीस उद्देशून रूढ झाली हे खरे. तथापि तिच्यातील पाळणा आम्हांस निराळ्याच विचारात पाडतो. मूल ज्या गावच्या पाळण्यात निजले ते गाव त्याचे, की त्याच्या बापाचा मुलूख त्याचा?

हा प्रश्न या भूमीस नवा नाही. जालना निजामाच्या राज्यात असताना तेथील सरकारी नोकरीसाठी मनुष्य 'मुलकी' असावा लागे. १९१९ च्या नियमांप्रमाणे, ज्याच्या जन्मकाळी बाप मुलकी होता तो जन्माने मुलकी. बाहेरून आलेल्याने निदान पंधरा वर्षे कायम वास्तव्य करावे, आणि पूर्वीच्या ठिकाणी परत जाण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र मॅजिस्ट्रेटसमोर करावे, अशी अट होती.

आता मुंबई इलाख्यातील नगर जिल्ह्यातून गोदावरी ओलांडून जालन्यास बिऱ्हाड केलेल्या एखाद्या गृहस्थाची वाचकांनी कल्पना करावी. दोन वर्षांनी त्यास पुत्र झाला. बापाची पंधरा वर्षे भरली नसल्यामुळे तो पुत्र काही जन्माने मुलकी ठरत नव्हता. पुढे वास्तव्याच्या मार्गाने मुलकी होऊ म्हटले, तर त्याने प्रतिज्ञापत्रात काय लिहावे? जो जालन्यातच जन्मला व वाढला, त्याने परत जाण्याचा विचार सोडावयाचा तो कोठे परत जाण्याचा?

या नियमामागील भीती अगदीच पोकळ होती असे आम्ही म्हणत नाही. बाहेरचे अधिक शिकलेले लोक हुद्दे बळकावतील आणि घरचा मनुष्य दाराबाहेर राहील, ही चिंता खरी होती. पण ती चिंता येणाऱ्याविषयी होती; तिचा भार पडला तो न आलेल्यावर.

स्वतंत्र भारताने आरंभी पाळण्याची बाजू घेतली. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने २६ जानेवारी १९५० पासून येथे जन्मलेले मूल, परकी राजदूतांची मुले वगैरे थोडे अपवाद वगळता, नागरिक ठरले. पुढे आसामातील आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर कायदा बदलला. १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एक नागरिक असणे आवश्यक झाले; ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक असावेत, अथवा एक नागरिक असून दुसरा बेकायदा आलेला नसावा, असे ठरले. आयर्लंडनेही २००४ साली जनमत घेऊन जन्मसिद्ध हक्क आवळला. अमेरिकेत १८६८ च्या घटनादुरुस्तीने दिलेला हा हक्क तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये एका चिनी दांपत्याच्या मुलाच्या बाबतीत मान्य केला होता. त्यावर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने नवा वाद उभा राहिला. आपल्याकडील कित्येक सुशिक्षित कुटुंबांची लेकरे तेथे नोकरीस आहेत. तेव्हा घरोघर या आदेशाची काळजी वाहिली गेली. परक्या देशात आपल्या नातवासाठी जो न्याय आपण मागतो, तो आपल्या अंगणातील परक्याच्या मुलास देण्यास आपण सिद्ध आहो काय?

कोणी म्हणेल, केवळ जन्मस्थान हा एक योगायोग आहे. मान्य. पण रक्त तरी दुसरे काय आहे? बाप कोणी निवडला आहे? योगायोगांतून निवड करावयाची, तर मूल ज्यांच्यात वाढते, ज्यांची भाषा बोलते, त्यांच्याशी त्यास जोडणारा योगायोग आम्हांस अधिक न्याय्य वाटतो. चार दिवसांच्या मुक्कामात झालेल्या जन्माचा आक्षेप उरतो. त्यावरही उपाय आहे. इंग्लंडने १९८३ पासून केवळ जन्माचा हक्क काढला, परंतु तेथे जन्मून पहिली दहा वर्षे तेथेच राहिलेल्या मुलास नागरिक म्हणून नोंदवून घेण्याचा हक्क ठेवला. या व्यवस्थेत बापाची वंशावळ मोजली जात नाही. मुलाचे स्वतःचे बालपण मोजले जाते.

येणाऱ्यास राष्ट्राने अटी घालाव्यात. तो राष्ट्राचा अधिकारच आहे. बेकायदा आलेल्यास शासनही करावे. परंतु जे मूल कोठून आलेच नाही, त्याच्यापुढे परत न जाण्याचे प्रतिज्ञापत्र ठेवणाऱ्याने आधी त्यास एवढेच सांगावे, की बाळा, तुझे दुसरे गाव कोणते?