एक वीत अंतर

माइक आज घ्यायचा नाही. आज नुसते बसायचे आहे, ज्या खोलीत रेकॉर्डिंग करणार त्याच खोलीत. पंखा बंद करा. मोबाइल बाहेर ठेवा. डोळे मिटा.

आधी लांबचे आवाज येऊ द्या. घर कर्जत स्टेशनजवळ असेल तर घाट चढणाऱ्या गाडीला मागून बँकर इंजिने लागतात, त्यांचा भोंगा ऐकू येईल. 1863 साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. 37 फुटांमागे एक फूट असा तो चढ अजूनही जादा इंजिने मागतो. खालापूरच्या बाजूला राहत असाल तर द्रुतगती मार्गाची घरघर असेल, रात्रीही न थांबणारी. पावसाळ्यात पत्र्यावर कोसळणारी सर आणि खाचरातली बेडकं. कशावरही चिडू नका. काय काय आहे ते फक्त समजून घ्या.

आता घरातले आवाज. फ्रिज, भिंतीवरचे घड्याळ, शेजारचा मिक्सर. मग एकदाच टाळी वाजवा आणि तिच्या मागे उरणारा आवाज ऐका. फरशी आणि उघड्या भिंती तो परतवतात. गादी, गोधडी, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट तो शोषून घेतात. खोलीत जिथे हा मागचा आवाज सर्वांत लवकर विरतो, तिथे तुमची जागा. त्यासाठी पैसे लागत नाहीत.

सावकाश श्वास घ्या. जे रेकॉर्ड करायचे आहे त्यातली एक ओळ म्हणा: अभंग, गोष्ट, लग्नात गाणाऱ्या धवलारणीकडून ऐकलेला धवला, म्हणजे लग्नगीत. तळहात तोंडासमोर धरा. प, फ, ब, भ आले की हवेचा झोत हाताला लागेल. माइकवर तो धप्प असा पडतो. हात थोडा बाजूला घ्या. झोत निघून जातो, आवाज मात्र तिथेही पोचतो. माइक कुठे धरायचा, ते हाताला कळले.

आता तोच हात म्हणजे माइक, तो चार विती लांब आहे असे समजा आणि हळूहळू एका वितीवर आणा. अंतर निम्मे झाले की तुमचा आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो. चार वितींवरून एका वितीवर आलात की 12. घाटातल्या इंजिनाचा भोंगा मात्र होता तेवढाच राहतो. या गोष्टीपाशी थोडे थांबा. बाहेरचे जग गप्प करणे आपल्या हाती नाही, जवळ येणे आहे.

मग माइकचा विचार. डायनॅमिक माइकमध्ये पातळ पडद्याला तारेचे वेटोळे जोडलेले असते, ते चुंबकाच्या क्षेत्रात हलले की वीज उमटते. 1915 साली टाटांचे खोपोलीचे वीजघर सुरू झाले, घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी खाली आणून मुंबईच्या गिरण्यांना वीज देऊ लागले, तेही फॅरेडेच्या याच नियमावर. तिथे चक्र फिरवायला पाणी लागते, इथे तुमचा आवाज पुरतो. कंडेन्सर माइकला मात्र बहुधा बाहेरून 48 व्होल्टचा फँटम पॉवर द्यावा लागतो. हा माइक बारकावे छान टिपतो, पण दमट हवेत त्याच्यात कुरकुर येऊ शकते आणि कर्जतचा पावसाळा लांब असतो.

डायनॅमिक माइक बाहेरचा गोंगाट घेतच नाही, असे अनेकजण सांगतात. तसे नसते. दिशा आणि अंतर सारखे ठेवले तर दोन्ही माइकमध्ये आवाज आणि गोंगाट यांचे प्रमाण जवळपास तेच राहते. डायनॅमिकचा गुण वेगळा आहे: तो जवळून, जोरात, दमट हवेतही निर्धास्त वापरता येतो. शुअरचा एसएम 58 हा 1966 पासून गायकांच्या हातात आहे तो त्यामुळेच. कार्डिऑइड प्रकारचा माइक पाठीकडून सर्वांत कमी ऐकतो, म्हणून त्याची पाठ खिडकीकडे करा. फार चिकटून बोललात तर खर्ज फुगतो, तेव्हा वीतभर अंतर ठेवा.

एकट्याने बोलायचे असेल तर थेट कॉम्प्युटरला लागणारा यूएसबी माइक पुरेल. उद्या दोघी मिळून धवला गाणार असतील तर दोन माइक घेणारा ऑडिओ इंटरफेस हवा. केबल आणि स्टँडचे पैसे माइकच्याच बजेटमधून बाजूला काढा. निवांत रानातल्या आवाजांचे, किंवा बारकावे हवे असलेल्या वाद्यांचे काम असेल तर कंडेन्सरचा विचार नंतर करता येईल.

डोळे उघडा. दुकानात जाल तेव्हा विचारायचे ते इतकेच: वीतभर अंतरावरून बोलायला-गायला कोणता माइक आहे?