पाच हजारांच्या पुढे

गरज नसताना केलेलं पाप म्हणजे अनर्थदंड, हे आपण पाठशाळेत असल्यापासून ऐकत आलोय. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात त्याचे पाच प्रकार सांगितलेत. त्यातला एक प्रमादचर्या: कारण नसताना माती उकरणं, पाणी सांडणं, अग्नी पेटवणं, वारा हलवणं, झाडपाला तोडणं आणि उगाच हिंडणं. नळ उघडा ठेवला की आज्जी ओरडायची, ती यालाच धरून. पण ‘उगाच हिंडणं’ या शब्दांवर माझं मन नेहमी अडतं, कायकी मला गाडी चालवायला आवडतं. पोचायला नव्हे, चालवायला. आणि त्यातही अशी गाडी, जिचं इंजिन वरच्या फेऱ्यांवर गेल्याशिवाय तोंड उघडत नाही.

आमच्याकडे जुनी होंडा सिटी आहे, दीड लिटरची व्हीटेक, १०६ अश्वशक्तीची. पोरं अजून तिच्याकडे वळून बघतात. बायकांना वाटतं, एवढी जुनी गाडी अजून का ठेवलीय. ज्यांना गाड्यांतलं काही नको असतं त्यांनाही हे यंत्र समजावून सांगायला मला आवडतं, कारण ते अगदी आपल्या घरातलं आहे.

इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व असतात. ते किती उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे, हे कॅम नावाचे उंचवटे ठरवतात. सावकाश चालताना थोडं उघडलेलं बरं असतं, जोरात पळताना जास्त. साध्या इंजिनात एकच माप, म्हणून कुठंतरी तडजोड. व्हीटेकमध्ये दोन मापं ठेवली. समजा तीन जावा शेजारी शेजारी उभ्या आहेत. कडेच्या दोघी लहान मापानं व्हॉल्व उघडतात. मधलीचं माप मोठं आहे, पण तिचा हात कुठंच लागत नाही. ती आपली वरखाली होत राहते, काम शून्य. फेऱ्या साधारण पाच हजारांच्या आसपास गेल्या की तेलाच्या दाबानं एक छोटी खीळ सरकते आणि तिघींना एकत्र जखडते. आता कडेच्या दोघींनाही मधलीच्या मापानं चालावं लागतं. आवाज बदलतो, गाडी पुढं झेपावते. (अशा जावा मी घरातही पाहिल्यात, खीळ सरकायची वाट बघत असलेल्या.)

१९८९ साली जपानमध्ये होंडाच्या इंटेग्रात हे तंत्र पहिल्यांदा आलं. इंजिन १.६ लिटरचं आणि ताकद १६० अश्वशक्ती, म्हणजे लिटरला शंभर, तीही टर्बोशिवाय. पण ती ताकद मिळायची ७६०० फेऱ्यांवर. पुढं १९९९ साली आलेल्या एस २००० गाडीचा काटा तर नऊ हजारांपर्यंत जायचा. या सगळ्या गाड्यांचा स्वभाव एकच: खाली गरीब गाय, वर वेगळंच जनावर. बाजारात जाऊन भाजी आणायची तर ही गाडी कुणाच्याही गाडीसारखीच. अडीच हजारांवर गिअर बदलत राहिलात तर जन्मभर तिच्यात काय आहे ते कळायचं नाही.

ते कळून घ्यायला काय करावं लागतं? आधी धीर. इंजिन गरम होईपर्यंत ताणायचं नाही, तेलाची पातळी बघायची, कारण ती खीळ तेलावरच सरकते. मग गिअर एकानं खाली घ्यायचा आणि वर टाकायची घाई करायची नाही. आपल्या हाताला सवय असते, आवाज चढला की क्लच दाबायचा. ती सवय मोडायची. चार हजार, साडेचार, आता वाटतं बास झालं, आणि तिथंच खरं तर अजून सुरू व्हायचं असतं. सहा हजारांवर चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला दोनशे वेळा पेटतं. अग्नी पेटवणं, वारा हलवणं, उगाच हिंडणं. समंतभद्रांची अर्धी यादी एका पायाखाली.

तेव्हा हा अनर्थदंडच, दुसरं काय, असं आमच्या स्वाध्यायातल्या काकू म्हणतील. मला ते एवढं सरळ वाटत नाही.

पहिली गोष्ट, फेऱ्या आणि वेग एक नव्हेत. आमच्या गाडीत दुसऱ्या गिअरमध्ये सहा हजार म्हणजे ताशी ऐंशीच्या आसपास. बेळगाव-कोल्हापूर चौपदरी रस्त्यावर मोटारीला शंभरची मुभा आहे. पाचव्या गिअरमध्ये, गाणी लावून, गप्पा मारत, काटा कुठं आहे हे न बघता लोक त्याच्या पुढं जातात. आताच्या टर्बो गाड्या तर दोन हजारांच्या आतच सगळी ताकद हातात देतात. पाय नुसता टेकला की गाडी पळते, आवाज नाही, सूचना नाही. वेग ‘होऊन जातो’. वरच्या फेऱ्यांच्या इंजिनात तसं होत नाही. तिथं ताकद मागावी लागते, हातानं आणि पायानं, स्पष्ट शब्दांत. नंतर ‘मला कळलंच नाही’ म्हणायची सोय राहत नाही.

उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना आधी प्रमाद सांगितला, मग प्राण जाणं. अमृतचंद्राचार्य पुरुषार्थसिद्ध्युपायात आणखी पुढं जातात: जपून वागणाऱ्याच्या हातून जीव गेला तरी ती हिंसा होत नाही, आणि बेफिकिरीनं वागणाऱ्याच्या हातून कुणी मेलं नाही तरी हिंसा झालेलीच असते. मग मला सांगा, दोन हजार फेऱ्यांवर मोबाईलकडं बघत जाणारा आणि सहा हजारांवर दोन्ही हात चाकावर घट्ट धरून, डोळे रस्त्यावर लावून जाणारी, यात प्रमत्त कोण?

चोर्ल्याच्या घाटात हे नीट कळतं. रस्ता अरुंद, पुढं गोव्याला भाजी नेणारा टेम्पो, वळणं संपता संपत नाहीत. सरळ तुकडा मिळाला की दुसरा गिअर टाकून इंजिन पूर्ण ताणलं तर समोरच्या बाजूला आपण फार थोडा वेळ राहतो. चौथ्यातच कुंथत गेलो तर तोच टेम्पो संपता संपत नाही. इथं ताकद वापरणं हीच जपणूक.

पण इथंच मन चलाखी करतं. टेम्पो मागं पडला, आपण आपल्या बाजूला आलो, म्हणजे गरज संपली. तरी पाय वर येत नाही. आवाज चांगला लागलेला असतो. त्या पुढच्या चार सेकंदांना काय म्हणायचं? सावधपणा तर तेवढाच आहे, उलट जास्तच. मुनी ईर्यासमितीनं चालतात तेव्हा त्यांची नजरही अशीच जमिनीवर खिळलेली असते, चार हात पुढं. फरक इतकाच की त्यांची नजर मुंगीसाठी असते आणि माझी माझ्यासाठी. नुसत्या एकाग्रतेला आपण फार पटकन पुण्य समजतो. बंदूक रोखणाराही एकाग्रच असतो. म्हणून सावध होते, एवढ्यावर मी सुटत नाही. कुणासाठी सावध होते, हा प्रश्न उरतोच.

आणि तरीही मला हे चार सेकंद पूर्ण टाकून द्यावेसे वाटत नाहीत. त्याचं कारण गाडीत नाही, आपल्यात आहे.

माझी एक आतेबहीण निपाणीकडं असते. पंधरा वर्षं गाडी चालवतेय. शेजारी दाजी बसलेले, काटा तीन हजारांवर गेला की त्यांचं ‘बास, बास’ सुरू. सगळे म्हणतात, आक्का किती शांत चालवते, किती संयमी. बायकांचं कौतुक आपल्याकडं असंच होतं. जिनं कधी आवाज चढवला नाही ती संयमी, जिनं कधी काही मागितलं नाही ती त्यागी. पण त्याग करायला आधी काहीतरी हातात असावं लागतं ना? आपल्या शास्त्रात राजे राज्य सोडतात, रिकाम्या हातांनी काय सोडायचं? ज्या ताकदीची ओळखच करून दिली नाही ती वापरली नाही म्हणून पाठ थोपटायची, हा संयमाचा अपमान आहे असं मला वाटतं. तो नुसता न उघडलेला दरवाजा.

गेल्या उन्हाळ्यात तवंदी घाट चढताना मी तिला आमची गाडी दिली. स्तवनिधीचं दर्शन घेऊन निघालो होतो, सकाळची वेळ, चढाचा रस्ता मोकळा. म्हटलं, दुसरा टाक आणि मी सांगेपर्यंत वर टाकू नकोस. चार हजारांवर तिचा डावा पाय आपोआप क्लचकडं गेला. थांब म्हटलं. पाच हजारांच्या पुढं आवाज बदलला तशी ती दचकली, मग हसायला लागली. ऐंशीला पोचल्यावर तिनं स्वतःच गिअर वर टाकला आणि पाय काढला. थोड्या वेळानं म्हणाली, “हे सगळं पहिल्यापासून यातच होतं होय गं?”

पावसाळ्यात मात्र मी वेगळी वागते. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्यापुढं पंखांच्या वाळव्या उठतात, सगळी काच भरून जाते. तिथं प्रमाद नाही, मी सावध होते, असलं काही बोलायला तोंड राहत नाही. मुनी चार महिने एका जागी थांबतात ते यासाठीच. म्हणून आषाढापासून कार्तिकापर्यंत माझा नियम आहे: दिवे लागल्यावर हायवेला जायचं नाही आणि काटा चार हजारांच्या वर न्यायचा नाही. मेकॅनिक म्हणतो, वहिनी, असलं इंजिन महिन्यातून एकदा तरी ताणायला पाहिजे, नाहीतर आत काजळी धरते. मी त्याला सांगितलं, कार्तिकी पौर्णिमेनंतर ताणते. त्याला काय कळलं असेल कोण जाणे.

यंदा नियम घेताना आतेबहिणीलाही विचारलं, तू घेणार का? ती म्हणाली, “दिव्याचा घेते. चार हजारांचा नको. मी आत्ताशी एकदाच बघितलंय, मला अजून दोनतीनदा बघू दे की. पुढच्या वर्षी घेईन.”